कोणाचे शब्द, कोणाचा पूर्णविराम? इंग्रजीतील अवतरणचिन्हांची रीत

इंग्रजीत थोड्या गांभीर्याने लिहू लागलेल्या प्रत्येकाला एक कोडे लवकरच पडते. लंडनच्या प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकात पूर्णविराम बऱ्याचदा अवतरणचिन्हाच्या बाहेर असतो, न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकात तो हटकून आत असतो. एकात संवाद एकेरी चिन्हांत असतात, दुसऱ्यात दुहेरी. दोन्ही पुस्तके जाणत्या संपादकांच्या हाताखालून गेलेली असतात, त्यामुळे चूक कोणाची हेही ठरवता येत नाही. शाळेतल्या व्याकरणात प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करण्याचा भरपूर सराव झालेला असतो, पण स्वल्पविराम कुठे द्यायचा, कॅपिटल अक्षर कुठे घ्यायचे, परिच्छेद कधी मोडायचा, हे कारणासह क्वचितच सांगितलेले असते. मग माणूस अंदाजाने चिन्हे टाकत जातो, आणि अंदाज चुकला की तो वाचणाऱ्याला आधी दिसतो.

माझे म्हणणे असे आहे की यांतले जवळजवळ सगळे नियम एकाच प्रश्नातून निघतात: हे शब्द कोणाचे आहेत? हा प्रश्न हाताशी ठेवला तर पाठांतर फारसे उरत नाही. एकच ठळक नियम त्यातून निघत नाही. तो छपाईच्या रूढीचा आहे, आणि नेमका त्याच्यामुळेच सगळा विषय अगम्य वाटू लागतो.

पुढील उदाहरणांत इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. विरामचिन्हे मात्र इंग्रजीत जशी पडतील तशीच ठेवली आहेत, आणि कॅपिटल अक्षराचा मुद्दा असेल तिथे तो शब्दांत सांगितला आहे.

चिन्हांचे मूळ काम

अवतरणचिन्हांच्या आत जे येते ते दुसऱ्याने उच्चारलेले किंवा लिहिलेले शब्द, जसेच्या तसे. बाहेर जे राहते ते लिहिणाऱ्याचे स्वतःचे. ‘ती म्हणाली’, ‘त्याने विचारले’ यांसारख्या बाहेरच्या शब्दांना या लेखात आपण निवेदन म्हणू. आपल्या पत्रासोबत तिसऱ्या माणसाने दिलेले बंद पाकीट आपण कोणाकडे पाठवावे, तसा हा प्रकार आहे. पत्र आपले, पाकीट त्याचे. पाकिटातले काही काढायचे नाही आणि आपले काही त्यात घुसवायचे नाही.

शब्द तेच आणि त्याच क्रमाने राहिले, तरी पाकीट कुठे सुरू होते आणि कुठे बंद होते यावर अर्थ उलटतो:

द कॅप्टन सेड द कोच वॉज राँग.

“द कॅप्टन,” सेड द कोच, “वॉज राँग.”

पहिल्या वाक्यात कर्णधार बोलतो आहे आणि प्रशिक्षक चुकला आहे. दुसऱ्यात प्रशिक्षक बोलतो आहे आणि चूक कर्णधाराची आहे. एकही शब्द बदललेला नाही. संदर्भावरून सगळे समजते, चिन्हांचा एवढा आग्रह कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी ही दोन वाक्ये जरूर ताडून पाहावीत.

ही चिन्हे नव्हती तेव्हा

या खुणा भाषेइतक्या जुन्या नाहीत. प्राचीन ग्रीक विद्वान हस्तलिखिताच्या समासात, लक्ष वेधायच्या ओळीशेजारी, बाणाच्या टोकासारखी ‘डिपली’ नावाची खूण करत. पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी धर्मग्रंथातील वचने दाखवण्यासाठी हीच खूण घेतली. छपाई आल्यावर सोळाव्या शतकात तिच्या जागी स्वल्पविरामांच्या जोड्या समासात दिसू लागल्या, हळूहळू त्या मजकुराच्या आत शिरल्या, आणि अठराव्या शतकात कादंबरी बहरली तेव्हा पात्रांचे बोलणे दाखवण्याचे काम त्यांच्याकडे पक्के झाले. बराच काळ उताऱ्याच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी ती जोडी छापण्याची पद्धत होती. तिचा एक अवशेष आजही वापरात आहे, त्याकडे पुढे येऊ. ब्रिटिश इंग्रजीत या चिन्हांना ‘इन्व्हर्टेड कॉमाज’, म्हणजे उलटे स्वल्पविराम म्हणतात, ते उघडणाऱ्या चिन्हाच्या आकारामुळे.

१६११ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये अवतरणचिन्हे नाहीत. कोणीतरी बोलू लागले हे ‘सेड’ या क्रियापदावरून आणि त्यापुढच्या कॅपिटल अक्षरावरून कळते. बोलणे सुरू कुठे झाले हे यातून समजते, पण ते संपले कुठे हे समजायला काहीच साधन राहत नाही. मूळ ग्रीक मजकुरातही अशी चिन्हे नव्हती. त्यामुळे योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूचे बोलणे पंधराव्या वचनाशी संपते की एकविसाव्या, याबाबत आजच्या इंग्रजी भाषांतरांत एकमत नाही. सोळावे वचन जगातल्या सर्वांत परिचित वचनांपैकी एक आहे, आणि ते येशूचे शब्द की शुभवर्तमानकाराचे, हा निर्णय भाषांतरकाराने बंद करणारे चिन्ह कुठे ठेवले यावर अवलंबून राहतो. बंद करणारे चिन्ह विसरणे ही किरकोळ चूक आहे असे मला वाटत नाही, त्याचे कारण हे.

एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. सर्वांत साधी मांडणी म्हणजे आधी निवेदन, मग बोलणे:

शी सेड, “द रोड इज क्लोज्ड.”

निवेदनानंतर स्वल्पविराम, मग उघडणारे चिन्ह, आत पूर्ण वाक्य, त्याचा स्वतःचा पूर्णविराम आणि शेवटी बंद करणारे चिन्ह. ‘द’चे पहिले अक्षर कॅपिटल, कारण बोलणाऱ्याचे वाक्य तिथे सुरू होते, लिहिणाऱ्याचे वाक्य आधीच सुरू झालेले आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. पाकिटातला मजकूर स्वतःच्या पायावर उभा असतो.

क्रम उलटला की थोडे लक्ष द्यावे लागते:

“द रोड इज क्लोज्ड,” शी सेड.

बोलणाऱ्याचे वाक्य पूर्ण झाले असूनही इथे पूर्णविरामाची जागा स्वल्पविरामाने घेतली आहे. कारण असे की बाहेरचे, लिहिणाऱ्याचे वाक्य अजून चालू आहे, आणि इंग्रजीची लेखनपद्धती चालू वाक्याच्या मध्यावर पूर्णविराम सहन करत नाही. म्हणूनच ‘शी’चे पहिले अक्षर लहान. पण बोलणे प्रश्नार्थक किंवा उद्गारवाचक असेल तर ती चिन्हे हलत नाहीत, कारण ती काढली तर बोलण्याचा सूरच हरवतो:

“इज द रोड क्लोज्ड?” शी आस्क्ड.

प्रश्नचिन्हानंतरही ‘शी’ लहान अक्षरानेच सुरू होते. संगणकावरची सुधारणा सुचवणारी साधने कधीकधी इथे आपोआप कॅपिटल करून टाकतात, तेव्हा ते परत लहान करावे लागते. प्रश्नचिन्हासोबत आणखी एक स्वल्पविराम देऊ नये. इंग्रजीत एका ठिकाणी एकच असे चिन्ह पुरते.

हा सगळा स्वल्पविरामाचा व्यवहार बोलण्याच्या क्रियापदांपुरता आहे. म्हणणे, विचारणे, पुटपुटणे, ओरडणे ही क्रियापदे बोलण्याला कर्म म्हणून पोटात घेऊ शकतात. हसणे, मान डोलावणे, खांदे उडवणे ही ते करू शकत नाहीत, कारण कोणी वाक्य ‘हसत’ नाही. म्हणून खालच्या दोन ओळींपैकी पहिली चूक आहे आणि दुसरी बरोबर:

“कम इन,” ही नॉडेड.

“कम इन.” ही नॉडेड.

दुसऱ्या ओळीत दोन स्वतंत्र वाक्ये आहेत, त्यामुळे ‘ही’ कॅपिटल अक्षराने सुरू होतो. नवख्या लेखकांच्या इंग्रजी कथांत पहिल्या प्रकारची वाक्ये पानोपानी दिसतात. एक सूचना इथेच करावीशी वाटते: ‘सेड’ हे क्रियापद पुन्हापुन्हा आले म्हणून घाबरू नये. वाचकाची नजर त्यावरून सहज पुढे जाते. त्याऐवजी दर ओळीला नवे, नटवे क्रियापद आणले की बोलण्यापेक्षा निवेदनच डोळ्यांत भरते.

निवेदन मध्येच आले तर

निवेदन बोलण्याच्या मध्ये घातले की प्रश्न असा येतो की बोलणाऱ्याचे वाक्य तिथे तुटले आहे की संपले आहे. तुटले असेल तर:

“इफ द रेन स्टॉप्स,” ही सेड, “वी कॅन लीव्ह.”

‘वी’ लहान अक्षराने, कारण तो त्याच वाक्याचा उरलेला भाग आहे, आणि ‘सेड’नंतर स्वल्पविराम. संपले असेल तर:

“द रेन हॅज स्टॉप्ड,” ही सेड. “वी कॅन लीव्ह.”

इथे ‘सेड’नंतर पूर्णविराम आणि ‘वी’ कॅपिटल. शंका आली तर निवेदन मनातल्या मनात काढून टाकावे आणि उरलेले बोलणे सलग वाचावे. तिथे स्वल्पविराम पुरत असेल तर पहिली पद्धत, पूर्णविराम हवा असेल तर दुसरी. बोलणे कोणी मध्येच तोडले तर आत शेवटी लांब आडवी रेघ येते, आणि ते आपोआप विरत गेले तर तीन टिंबे; या दोहोंची अदलाबदल करू नये, कारण अडवलेला माणूस आणि शब्द न सापडलेला माणूस यांत फरक आहे.

बोलणारा बदलला की नवा परिच्छेद सुरू करायचा, मग बोलणे एका शब्दाचे का असेना. ही शिस्त पाळली तर दोघांच्या संभाषणात दर ओळीला निवेदन देण्याची गरज राहत नाही. एकाच माणसाचे लांब भाषण अनेक परिच्छेदांत चालले असेल तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी उघडणारे चिन्ह येते, आणि बंद करणारे मात्र सर्वांत शेवटच्या परिच्छेदाच्या अखेरीस एकदाच. मघाशी सांगितलेला जुना अवशेष तो हाच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही रीत मुद्रणदोषासारखी वाटते, पण न बंद झालेले पाकीट वाचकाला सांगत असते की तोच माणूस अजून बोलतो आहे.

मराठीतला ‘की’ आणि इंग्रजीतला ‘दॅट’

मराठी भाषकांच्या इंग्रजीत सर्वांत खोल रुतलेली चूक चिन्हांच्या जागेची नाही. ती वाक्यरचनेची आहे आणि ती अशी दिसते:

शी सेड दॅट “आय विल कम टुमॉरो.”

हे वाक्य मराठीतून पाहिले तर अगदी स्वाभाविक आहे. ‘ती म्हणाली की मी उद्या येईन’ या मराठी वाक्यात ‘की’ येऊनही ‘मी’ हा तिचाच राहतो, काळही तिच्या तोंडचा राहतो, आणि ‘उद्या’ तिच्या दिवसापासून मोजला जातो. मराठी आपले निवेदन आणि दुसऱ्याचे बोलणे यांच्यामध्ये भिंत घालत नाही. शब्द जवळजवळ मूळ रूपात सामावून घेते. इंग्रजीत ‘दॅट’ आला की ते बोलणे लिहिणाऱ्याच्या ताब्यात जाते. त्यानंतरचा ‘आय’ हा लिहिणाऱ्याचा ठरतो, ‘टुमॉरो’ लिहिणाऱ्याचा उद्या ठरतो. म्हणून इंग्रजीत दोनच वाटा आहेत: ‘दॅट’ काढून स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे द्या, किंवा चिन्हे काढून सर्वनाम, काळ आणि कालवाचक शब्द लिहिणाऱ्याच्या बाजूने बदला.

शी सेड, “आय विल कम टुमॉरो.”

शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.

शाळेत रटलेले ते रूपांतराचे नियम याचसाठी होते. ते यांत्रिक वाटतात, कारण शब्दांची मालकी एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली की काय काय हलते हे त्यांच्यासोबत सहसा सांगितले जात नाही.

प्रश्नांच्या बाबतीतही तसेच. ‘नकाशा कुठे आहे असे तिने विचारले’ यात मराठी प्रश्नाचा क्रम तसाच ठेवते. इंग्रजीत अप्रत्यक्ष प्रश्नाचा क्रम साध्या विधानासारखा होतो आणि प्रश्नचिन्ह जाते:

शी आस्क्ड, “व्हेअर इज द मॅप?”

शी आस्क्ड व्हेअर द मॅप वॉज.

‘दॅट’नंतर अवतरणचिन्हे कधीच येत नाहीत असे मात्र नाही. बोलण्याचा एखादा तुकडाच घेतला आणि तो लिहिणाऱ्याच्या वाक्यात व्याकरणदृष्ट्या बेमालूम बसला, तर चालते: ही सेड दॅट द प्लॅन वॉज “अ वेस्ट ऑफ वॉटर.” अशा तुकड्यापूर्वी स्वल्पविराम नसतो आणि तो लहान अक्षराने सुरू होतो, कारण तो पूर्ण वाक्य म्हणून आलेला नाही.

प्रश्नचिन्ह कोणाचे?

शी आस्क्ड, “आर यू रेडी?” यात प्रश्न तिचा आहे, म्हणून चिन्ह आत, आणि त्यापुढे वेगळा पूर्णविराम नाही. आता हे पाहा:

डिड ही से, “आय ॲम रेडी”?

त्याने विधान केले; प्रश्न लिहिणारा विचारतो आहे. म्हणून प्रश्नचिन्ह बाहेर, आणि आतला पूर्णविराम गाळलेला. आतही प्रश्न आणि बाहेरही प्रश्न असेल तर आतले एकच चिन्ह दोन्ही कामे करते. उद्गारचिन्हाचे गणित हेच. या बाबतीत ब्रिटन आणि अमेरिका यांचे पूर्ण एकमत आहे, हे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण मतभेद ज्या जागेत आहे ती जागा लोक समजतात त्यापेक्षा बरीच लहान आहे.

मग आत की बाहेर?

ती जागा म्हणजे पूर्णविराम आणि स्वल्पविराम, आणि तेही मुख्यतः बोलण्याचा तुकडा किंवा एखादा शब्द अवतरणात आला असेल तेव्हा. संवादात बोलणाऱ्याचे वाक्य पूर्ण असते, त्याचा पूर्णविराम त्याचाच असतो, म्हणून तो दोन्ही देशांत आत जातो. फरक असा दिसतो:

अमेरिकी: ही कॉल्ड द रिपोर्ट “यूसलेस.”

ब्रिटिश: ही कॉल्ड द रिपोर्ट ‘यूसलेस’.

ब्रिटिश पद्धत विचारते की पूर्णविराम कोणाचा. तो लिहिणाऱ्याच्या वाक्याचा आहे, म्हणून बाहेर. अमेरिकी पद्धत असे काही विचारत नाही. पूर्णविराम आणि स्वल्पविराम अवतरणचिन्हाशेजारी आले की ते आतच, मग ते कोणाचेही असोत. अर्धविराम आणि अपूर्णविराम मात्र अमेरिकेतही बाहेर. या नियमाला अर्थाचा आधार नाही. छापलेली ओळ कशी दिसते याचा आहे. उंचावर लटकणाऱ्या चिन्हांनंतर एकटे टिंब सुटे पडल्यासारखे दिसते, हे खरेच आहे.

अर्थानुसार चिन्हे ठेवावीत असा आग्रह इंग्लंडात इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये धरला. योगायोगाने त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची लेखननियमावली प्रथम प्रसिद्ध झाली, आणि तिची परंपरा आजतागायत अमेरिकी पद्धतीची आहे. ब्रिटिश पद्धत काटेकोरपणे पाळली तर मघाचे प्रशिक्षकाचे वाक्यही बदलते: ‘द कॅप्टन’, सेड द कोच, ‘वॉज राँग.’ बोलणारा कर्णधारानंतर थांबलाच नव्हता, त्यामुळे तो स्वल्पविराम त्याचा नाही. तरी ब्रिटिश कथासाहित्यात हा स्वल्पविराम बहुधा आतच घेतलेला आढळतो.

अमेरिकी नियमाने वाचकाची दिशाभूल होत नाही का, हा आक्षेप रास्त आहे. एरवी फारशी होत नाही, कारण त्या जागी टिंब असण्याचे वाचकाला काही वाटत नाही. पण संगणकाला द्यायची आज्ञा, संकेतशब्द किंवा संकेतस्थळाचा पत्ता अवतरणात दिला असेल तर तो वाचणारा माणूस आतले टिंबही टंकित करू शकतो, आणि मग ती आज्ञा चालत नाही. म्हणून संगणकविषयक लेखनात अमेरिकेतही अनेकजण टिंब बाहेर ठेवतात, आणि इंग्रजी विकिपीडियाने अर्थानुसारी पद्धतच स्वीकारली आहे. माझे मत विचाराल तर ब्रिटिश पद्धत तर्काला धरून आहे. परंतु अमेरिकी नियतकालिकासाठी किंवा विद्यापीठासाठी लिहिताना तर्काच्या जोरावर त्यांची पद्धत मोडू नये. एका लेखात दोन्ही पद्धती मिसळणे मात्र कुठेच खपत नाही.

एकेरी की दुहेरी, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. अमेरिकेत बाहेर दुहेरी आणि बोलण्यातल्या बोलण्याला एकेरी. ब्रिटिश पुस्तकांत परंपरेने नेमके उलटे, मात्र ब्रिटिश वृत्तपत्रे मजकुरात सर्रास दुहेरी आणि मथळ्यात एकेरी वापरतात. फार लांब उतारा असेल तर तो समास सोडून वेगळा छापतात आणि मग चिन्हे लागत नाहीत, कारण वेगळी मांडणीच त्यांचे काम करते. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या पद्धतीत ही मर्यादा ४० शब्दांची आहे.

कळफलकाबद्दलही थोडे सांगायला हवे. टंकलेखन यंत्रावर कळा वाचवण्यासाठी उघडणारे आणि बंद करणारे चिन्ह एकच, सरळ उभे ठेवले गेले, आणि संगणकातील अक्षरांसाठीच्या १९६३ च्या ॲस्की संकेतप्रणालीने तोच संकोच पुढे चालवला. आजचे लेखनसाधन आपल्यासाठी वळणदार चिन्ह निवडते, पण ते केवळ आधी मोकळी जागा आहे की नाही हे पाहून. त्यामुळे शब्दाच्या आरंभी अक्षरे किंवा अंक गाळल्याची खूण हवी असेल, तिथे ते उघडणारे चिन्ह टाकून मोकळे होते. छपाईला देण्यापूर्वी या जागा डोळ्यांनी तपासणे हाच उपाय आहे.

थोर लेखक तर ही चिन्हे वापरतच नाहीत

हेही खरे आहे. जेम्स जॉइस यांना अवतरणचिन्हे आवडत नसत. ते बोलण्याच्या आरंभी आडवी रेघ देत. कॉर्मॅक मॅकार्थी यांनी तर तीही दिली नाही. पण अशा लेखकांचे पान नीट वाचले तर दिसते की चिन्हे करतात ते काम त्यांनी दुसरीकडून करून घेतले आहे: बोलणारा बदलला की ओळ मोडते, वाक्ये आखूड राहतात, निवेदन आणि बोलणे यांचा सूर इतका वेगळा असतो की कान फरक ओळखतो. शिवाय निवेदकाचे मन कुठे संपते आणि जग कुठे सुरू होते, हे धूसर ठेवणे हाच काहींचा हेतू असतो. बातमी, प्रबंध किंवा कार्यालयीन अहवाल यांत असा हेतू असूच शकत नाही.

जोर देण्यासाठी ही चिन्हे का नकोत

शब्दावर भर द्यायला तो अवतरणचिन्हांत घालण्याची सवय फार पसरली आहे. इंग्रजी वाचक ती चिन्हे पाहून वेगळेच समजतो. चिन्हे म्हणजे ‘हे माझे शब्द नाहीत’, म्हणून एकट्या शब्दाभोवती ती आली की ‘लोक असे म्हणतात, मी हमी घेत नाही’ असा संशयाचा सूर उमटतो. पात्र उमेदवाराची शिफारस करताना ‘क्वालिफाइड’ हा शब्द चिन्हांत टाकला तर शिफारशीचा अर्थच उलटतो. भर द्यायचा असेल तर तिरका ठसा वापरावा, किंवा अधिक चांगले म्हणजे वाक्याचीच रचना अशी करावी की तो शब्द योग्य जागी पडेल.

आतले शब्द थोडे बदलले तर?

बोलताना माणसे अडखळतात, वाक्ये अर्धवट सोडतात. ती सगळी जशीच्या तशी छापायची का? अडखळण्याचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ गाळणे बहुतेक संपादकांना मान्य असते. त्याहून अधिक काही करायचे तर वाचकाला दिसेल असे करावे लागते. गाळलेल्या जागी तीन टिंबे, आपण घातलेला शब्द चौकोनी कंसात, आणि मुळातलीच चूक जपली असेल तर ‘सिक’ हा लॅटिन शब्द, तोही चौकोनी कंसात. पाकीट उघडल्याची ही उघड नोंद असते.

या जबाबदारीची मर्यादा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ‘मॅसन विरुद्ध न्यू यॉर्कर’ या खटल्यात तपासली. एका मनोविश्लेषकाची तक्रार होती की ‘न्यू यॉर्कर’ या नियतकालिकात एका लेखिकेने त्याच्यावर लिहिलेल्या दीर्घ लेखात, त्याने न उच्चारलेली वाक्ये अवतरणचिन्हांत त्याच्या तोंडी घातली गेली. न्यायालयाने मान्य केले की ही चिन्हे वाचकाला सर्वसाधारणपणे असेच सांगतात की आतले शब्द बोलणाऱ्याचे तंतोतंत आहेत. पण केवळ शब्द जाणूनबुजून बदलले एवढ्याने कायद्याच्या दृष्टीने बदनामीकारक खोटेपणा सिद्ध होत नाही; त्या बदलाने अर्थात भरीव फरक पडला पाहिजे, असे त्याने ठरवले. पुढे १९९४ मध्ये ज्यूरीचा निकाल लेखिकेच्या बाजूने लागला. कायद्याची ही रेषा सैल आहे आणि ती तशी असण्याला कारणे आहेत. लिहिणाऱ्याने मात्र तिच्या बरेच अलीकडे थांबावे असे मला मनापासून वाटते, कारण ज्याचे शब्द आपण वापरतो तो माणूस वाचकासमोर स्वतः उभा राहून ‘मी असे म्हणालो नव्हतो’ असे सांगू शकत नाही.

मराठीत बोललेले इंग्रजीत देताना

शेवटचा आक्षेप मराठी माणसाच्या इंग्रजी लेखनात रोजचा आहे. बोलणारी व्यक्ती मराठीत बोलली, आपण इंग्रजीत लिहिले. तर त्या इंग्रजी वाक्याभोवती अवतरणचिन्हे देणे म्हणजे तिने न उच्चारलेले शब्द तिच्या नावावर घालणे नाही का? काटेकोर अर्थाने तसेच आहे. तरीही जगभर भाषांतरित बोलणे अवतरणात देण्याची पद्धत मान्य आहे, मात्र ते भाषांतर आहे हे वाचकाला कळले पाहिजे. त्यासाठी पहिल्याच निवेदनात भाषेचा उल्लेख पुरतो:

“नोबडी वॉर्न्ड अस,” शी सेड इन मराठी.

पुढच्या प्रत्येक वाक्याला तो जोडण्याची गरज नाही. दुसऱ्याने केलेले भाषांतर वापरले असेल तर दुभाष्यामार्फत बोलणे झाले हेही निवेदनात सांगावे. ज्या शब्दावरून वाद होऊ शकतो, म्हणजे शिवी, आरोप, वचन किंवा कबुली, तो मूळ मराठी शब्दच तिरक्या ठशात ठेवावा आणि त्याचा अर्थ अवतरणाच्या बाहेर, आपल्या जबाबदारीवर द्यावा. आणि भाषांतर करताना दोन अर्थांपैकी कोणता अभिप्रेत होता हे पक्के ठाऊक नसेल, आणि विचारण्याची सोयही नसेल, तर चिन्हे काढून घ्यावीत व ‘शी सेड दॅट’ने सुरू होणारे अप्रत्यक्ष कथन लिहावे, ज्यात शब्द आपले आहेत हे वाचकाला ठाऊकच असते.